नाव सारखे, रक्त वेगळे

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक पिशवी असते. तिच्यात अब्बांचे साखरेचे रिपोर्ट, अम्मीचे थायरॉइडचे, सुनेच्या बाळंतपणातले रक्ताचे, नातवाच्या काविळीचे, असे सगळे कागद एकत्र कोंबलेले असतात. एक रिपोर्ट वसमतच्या लॅबचा, दुसरा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाचा, तिसरा नांदेडच्या विष्णुपुरीचा. आजार हटला नाही तर चौथा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीचा किंवा थेट हैदराबादचा. डॉक्टर विचारतात, "जुने रिपोर्ट आणलेत का?" आणि आपण सांगतो, "घरी राहिले." मग त्याच तपासण्या पुन्हा होतात. पैसे पुन्हा जातात, दिवस पुन्हा जातो.

आता हे कागद संगणकात जाऊ लागले आहेत. केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही आहे. म्हणजे येत्या काळात आपल्या जिल्ह्यात तपासण्याही वाढतील आणि त्यांच्या संगणकावरच्या नोंदीही वाढतील. ही चांगलीच गोष्ट आहे. पण एक साधा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. लॅबमधून आलेला आकडा संगणकात टाकताना तो नेमका कोणाच्या नावावर पडतो? ज्या गावात एकाच गल्लीत तीन शेख आयेशा राहतात, तिथे हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा राहत नाही. तो आपल्या घराचा होतो.

एकटा आकडा मुका असतो

आधी रिपोर्ट जोडले जाणे इतके गरजेचे का, ते पाहू. समजा, साठीच्या एका गृहस्थांचे क्रिएटिनिन १.३ आले. लॅबच्या कागदावर हा आकडा बहुधा हद्दीवर किंवा किंचित वर दिसतो. डॉक्टर म्हणतील, पाणी प्या, पुन्हा तपासू. पण दोन वर्षांपूर्वी तो ०.८ होता आणि गेल्या वर्षी १.०, हे समोर असेल तर अर्थ बदलतो. मूत्रपिंडाचे काम घटत चालले असावे, अशी शंका लगेच येते. साखरेचा आजार असलेल्या माणसाने वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासावे असे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल जास्त बोलते.

गरोदर बाईच्या हिमोग्लोबिनचेही तसेच. ११.२, मग ९.८, मग ८.१ असे तीन रिपोर्ट तीन ठिकाणी पडून राहिले, तर प्रत्येक ठिकाणी एकच आकडा दिसतो. एकत्र आले तर बाळंतपणाच्या आधीच धोका कळतो आणि रक्ताची सोय करून ठेवता येते.

रक्तगटाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आईचा गट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते, पण पुढच्या बाळाला गर्भातच धोका होतो. यावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन आहे. ते गरोदरपणात सुमारे २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचे असते. आता कल्पना करा, एकाच दिवशी तपासणीला आलेल्या दोन सारख्या नावाच्या बायकांचे रक्तगट संगणकात अदलाबदल झाले. जिला इंजेक्शन हवे तिला ते मिळणार नाही, आणि चूक कळेल ती पुढच्या गरोदरपणात.

एल्डोरेट ते गनियारी

दवाखान्याची संगणक प्रणाली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले मोठे रुग्णालय येते. पण आज जगातल्या अनेक गरीब भागांत जी प्रणाली चालते, तिची सुरुवात पश्चिम केनियातल्या एल्डोरेट नावाच्या शहरातून झाली. तिथे एचआयव्हीच्या रुग्णांची संख्या इतकी वाढत होती की कागदी फायलींवर त्यांचा मागोवा ठेवणे अशक्य झाले होते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ या संस्थांच्या डॉक्टरांनी मिळून ओपनएमआरएस नावाच्या नोंद-प्रणालीचे काम हाती घेतले. २००६ मध्ये ती एल्डोरेटमध्ये वापरात आली.

ही प्रणाली 'मुक्त स्रोत' आहे. म्हणजे तिचा आतला आराखडा कोणालाही पाहता येतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो आणि परवान्याची फी लागत नाही. दुकानातून तयार मिठाई आणणे आणि शेजारणीकडून तिची कृती लिहून घेणे यांत जो फरक आहे, तोच हा. कृती हातात असली की आपल्या घरच्या चवीप्रमाणे साखर कमी-जास्त करता येते.

भारतात ही कृती छत्तीसगढच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारी या गावी आली. तिथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आदिवासी आणि गरीब रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी ती उभी केली. या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स कंपनीच्या लोकांनी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनईएलआयएस आणि हिशेबासाठी आणखी एक मुक्त प्रणाली अशा तीन गोष्टी जोडून 'बाह्मनी' नावाची एकच प्रणाली तयार केली. पुढे ती नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातल्या बयालपाटा रुग्णालयासारख्या दूरच्या ठिकाणीही गेली.

प्रणाली सरकारी असो, खाजगी असो की मुक्त स्रोताची, लॅबचा निकाल आत घेण्याची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते. मुक्त स्रोताच्या प्रणालीत ती रीत झाकलेली नसते. म्हणून समजून घ्यायला तीच सोयीची.

निकाल आत कसा जातो

निकाल संगणकात जाण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला रस्ता रुग्णालयाच्या आतला. डॉक्टर संगणकावरच तपासणीची मागणी नोंदवतात. ती मागणी रुग्णाचा नोंदणी क्रमांक सोबत घेऊन लॅबमध्ये पोहोचते. रक्ताच्या नळीवर त्याच क्रमांकाचे लेबल लागते. तपासणी झाली, लॅबच्या डॉक्टरांनी ती पडताळली, की निकाल त्याच वाटेने परत येऊन रुग्णाच्या पानावर बसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमांक निकालाच्या सोबत असतो, म्हणून इथे गोंधळ कमी होतो. तपासणीचे यंत्र आणि संगणक एकमेकांशी एका ठरलेल्या भाषेत बोलतात. 'एचएल-सेव्हन' नावाची संस्था १९८७ पासून ही भाषा ठरवत आली आहे. तिच्या संदेशात एक ओळ रुग्णाची, एक मागणीची आणि मग प्रत्येक निकालाची एकेक ओळ असते.

दुसरा रस्ता बाहेरच्या निकालांचा. जुने रजिस्टर, बाहेरच्या लॅबची यादी, किंवा एखाद्या शिबिरात तीनशे लोकांच्या केलेल्या तपासण्या. या आधी एक्सेलच्या तक्त्यात लिहिल्या जातात आणि मग तो तक्ता एकदम प्रणालीत चढवला जातो. बाह्मनीत यासाठी वेगळी सोय आहे. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एका रुग्णाची नोंद: नोंदणी क्रमांक, तारीख, तपासणीचे नाव, निकाल. प्रणाली एकेक ओळ वाचते, त्या क्रमांकाचा रुग्ण शोधते आणि निकाल त्याच्या पानावर टाकते. जी ओळ जुळली नाही, ती बाजूला काढून चुकांच्या वेगळ्या फाइलीत ठेवते. रुग्ण कोणत्या खुणांवरून ओळखायचा याचा नियमही दवाखान्याला स्वतः लिहून देता येतो. फक्त क्रमांक पाहायचा, क्रमांकासोबत नाव पाहायचे, की गावही पाहायचे, हे त्या त्या दवाखान्याने ठरवायचे.

खरी परीक्षा या दुसऱ्या रस्त्यावर होते. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी इथे घात करतात. एक्सेलमध्ये चौदा अंकी क्रमांक साधा आकडा म्हणून टाकला की तो आखूड रूपात दिसू लागतो, आणि त्याच रूपात फाइल जतन झाली की शेवटचे अंक कायमचे जातात. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळून पडतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या मांडणीवर ठरते. रिकामा रकाना म्हणजे तपासणी झालीच नाही, पण घाईत कोणी त्याला 'निगेटिव्ह' समजले तर आजारी माणूस निरोगी ठरतो.

आमच्या नावांची गोष्ट

या सगळ्यात मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांची एक खास अडचण आहे, आणि ती आम्हीच नीट मांडली पाहिजे. संगणकाच्या अर्जात तीन रकाने असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. आमच्याकडे नाव लिहिण्याची रीत अशी: 'शेख आयेशा शेख रफिक'. संगणकापुढे बसलेला माणूस कधी 'शेख' हे पहिले नाव लिहितो, कधी 'आयेशा'. आडनावाच्या रकान्यात कधी 'शेख' पडते, कधी 'रफिक'. लग्नानंतर तीच मुलगी 'शेख आयेशा शेख इम्रान' होते. रेशनकार्डावर ती 'आयेशा बी' असते, शाळेच्या दाखल्यावर 'आयेशा परवीन', आणि मोहल्ल्यात सगळे तिला तिसऱ्याच नावाने हाक मारतात.

मग इंग्रजी स्पेलिंग. शेख हे आडनाव चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. सय्यदचे तसेच. मोहम्मद कुठे पूर्ण असतो, कुठे 'मोहद', कुठे नुसता 'एमडी'. एका जागी उर्दूवरून लिहिले, दुसऱ्या जागी मराठीवरून, हैदराबादला गेल्यावर तिथल्या ऐकण्यावरून.

संगणकवाल्यांनी यावर उच्चारावरून नावे जुळवण्याच्या युक्त्या काढल्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी 'साउंडेक्स' नावाची युक्ती अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीची आहे. ती स्वर सोडून देते आणि व्यंजनांना अंक देते. तिच्या हिशेबाने शेखची निरनिराळी पूर्ण स्पेलिंग एकाच गटात येतात, हे ठीक. पण कोणी नुसते 'एस के' असे दोन अक्षरी लिहिले की ते वेगळ्या गटात जाते. मोहम्मद आणि 'एमडी' यांचीही ताटातूट होते. शिवाय अडचण दुहेरी आहे. ज्या गावात निम्मा मोहल्ला शेख आहे, तिथे सगळे शेख एका गटात आणून काय साधणार?

कोणी म्हणेल, जन्मतारीख पाहा. पण जुन्या पिढीतल्या लोकांना फक्त वर्ष माहीत होते, म्हणून आधारवर १ जानेवारी पडली. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून तर साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. एकाच घरात तीन भावांचा वाढदिवस १ जूनला, असेही दिसते. मग मोबाइल नंबर? घरात नंबर एकच, आणि तो मोठ्या मुलाचा. सासू, सून आणि नातीचे रिपोर्ट त्याच एका नंबरवर. म्हणजे नाव, तारीख आणि फोन या तिन्ही खुणा आमच्याकडे एकाच वेळी दगा देऊ शकतात.

हा प्रश्न आमच्या परंपरेला नवा नाही. हदीस सांगणाऱ्यांच्या साखळीत एकाच नावाचे अनेक रावी येत, आणि त्यांत एक भरवशाचा तर दुसरा कच्चा असे. म्हणून विद्वानांनी नावांचेच शास्त्र उभे केले. इमाम दारकुतनी (मृत्यू इ.स. ९९५) यांनी लिहायला सारख्या पण उच्चाराला वेगळ्या नावांवर ग्रंथ लिहिला. खतीब बगदादी (मृत्यू इ.स. १०७१) यांनी नाव एकच पण माणसे वेगवेगळी, अशा रावींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वडिलांचे नाव, कुनियत, गाव, उस्ताद कोण, मृत्यू कधी, अशा खुणा एकेक करून तपासल्या जात. ज्याची ओळख पटत नसे त्याला 'मजहूल' म्हणत आणि त्याच्या शब्दावर भिस्त ठेवत नसत. नाव ऐकून अंदाजाने जोडून टाकणे त्यांना मान्य नव्हते.

तुटलेली नोंद आणि चिकटलेली नोंद

नोंदी जुळवताना दोन प्रकारच्या चुका होतात. पहिलीत एकाच माणसाची दोन पाने तयार होतात. एका पानावर शेख आयेशा, दुसऱ्यावर आयेशा बी. निम्मे रिपोर्ट इकडे, निम्मे तिकडे. याने नुकसान होते: तपासणी पुन्हा करावी लागते, आकड्यांची चाल दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन माणसांची नोंद एका पानावर चिकटते. एकीचा रक्तगट दुसरीच्या नावावर, एकाची साखर दुसऱ्याच्या औषधावर.

आमच्या मते या दोन्ही चुकांना सारखे मोजणे बरोबर नाही. तुटलेली नोंद उशिरा का होईना, जोडता येते. डॉक्टरांना समोर माहिती दिसत नसली की ते विचारतात, पुन्हा तपासतात. पण चिकटलेली नोंद खरी वाटते. डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवून औषध लिहितात, आणि कोणाला शंकाही येत नाही. म्हणून नियम असा हवा: पूर्ण खात्री असेल तरच जोडा, शंका असेल तर थांबा आणि माणसाला विचारा. जी प्रणाली चुकांच्या फाइलीत वीस ओळी बाजूला ठेवते, ती निकामी नाही. ती प्रामाणिक आहे. त्या वीस ओळी कोणी तरी बसून, रजिस्टर उघडून, गरज पडली तर घरी फोन करून सोडवायच्या असतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्यासाठी माणूस नेमलेला असलाच पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राने २००७ मध्ये रुग्णाच्या सुरक्षेसाठी नऊ उपाय प्रसिद्ध केले. त्यांत रुग्णाची ओळख किमान दोन खुणांवरून पटवावी असे सांगितले आहे, आणि खोलीचा किंवा खाटेचा नंबर ही त्यातली खूण धरू नये असेही बजावले आहे. आमच्या गावांपुरते बोलायचे तर त्या दोन खुणांपैकी एक खूण नोंदणी क्रमांकच असायला हवी.

आकडा तोच, माप वेगळे

माणूस बरोबर सापडला तरी काम संपत नाही. तपासणीचे नाव आणि माप हेही जुळावे लागते. एक लॅब 'एफबीएस' लिहिते, दुसरी 'फास्टिंग शुगर', तिसरी 'ग्लुकोज, उपाशी'. माणसाला कळते की तिन्ही एकच. संगणकाला सांगावे लागते. यासाठी रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये 'लॉइंक' नावाची संकेतावली सुरू केली. तिच्यात प्रत्येक तपासणीला ठरलेला क्रमांक आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ७१८-७, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, ४५४८-४. भारत सरकारच्या आरोग्य नोंदींच्या मानकांतही लॉइंकचा समावेश आहे, आणि ही मानके सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे.

मापाचा घोळ तर आखाती देशांत माणसे असलेल्या घरांना चांगलाच ठाऊक असेल. सौदी किंवा कतारमधून सुटीवर आलेल्या भावाच्या रिपोर्टवर उपाशीपोटी साखर ७ असते. घरचे घाबरतात, इतकी कमी कशी? तिथल्या लॅबमध्ये साखर बहुधा मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या आकड्याला १८ ने गुणले की दुसरा मिळतो. ७ म्हणजे १२६, आणि १२६ म्हणजे मधुमेहाची सीमा. क्रिएटिनिनचे १ मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्या मापात ८८ च्या पुढे. माप न लिहिता नुसता आकडा संगणकात टाकला, तर एक आजार लपतो आणि दुसरा उगाच दिसतो. म्हणून मापाशिवाय आकडा घ्यायचाच नाही, असा नियम चांगल्या प्रणालीत असतो.

आभा क्रमांक आणि आपली मर्जी

या सगळ्यावर उपाय म्हणून सरकारने 'आभा' नावाचा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक आणला आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आयुष्मान कार्ड मोफत उपचारांसाठी असते. आभा फक्त ओळखीसाठी आणि रिपोर्ट एकत्र जोडण्यासाठी आहे. आभा काढणे ऐच्छिक आहे. त्याच्या आधारे कोणत्या दवाखान्याने कोणते रिपोर्ट किती काळ पाहायचे, याची संमती रुग्ण देतो आणि ती परतही घेऊ शकतो.

ही संमती घाईत अंगठा टेकवून देण्याची गोष्ट नाही. रिपोर्ट ही अमानत आहे. क्षयरोग, वंध्यत्व, मानसिक आजार अशा गोष्टी मोहल्ल्यात फुटल्या तर मुलींचे रिश्ते मोडतात, माणसे कामावरून जातात. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो रुग्णाची ओळख गुप्त ठेवायला सांगतो. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे खाते त्याचे स्वतःचे असावे, आणि जमेल तिथे मोबाइल नंबरही. सुनेचा रिपोर्ट आधी तिला कळायला हवा, मग तिच्या मर्जीने घराला. ही गोष्ट काही घरांत खटकेल, पण हक्क तिचाच आहे.

घरात काय करता येईल

संगणकाचे काम तज्ज्ञ करतील. पण त्यांच्या हाती नीट माहिती पोहोचवणे आपल्याच हाती आहे.

घरातल्या प्रत्येकाचे आधारवर जसे नाव आहे, तसेच इंग्रजी स्पेलिंगसह एका वहीत लिहून ठेवा. केसपेपर काढताना आणि लॅबमध्ये तेच सांगा. 'आयेशा लिहा' एवढे म्हणू नका. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव आणि वय सांगा. आधारवर नाव चुकीचे असेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या.

जुन्या केसपेपरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा. नवा केसपेपर काढला की नवे पान तयार होते आणि जुने रिपोर्ट मागे राहतात. गरोदर बाईने माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक वेळी सोबत न्यावे. आशाताईंनी त्यावर लिहिलेला क्रमांक मोलाचा आहे.

रक्त घेतल्यावर नळीवर लेबल तुमच्या समोरच लावायला सांगा आणि त्यावरचे नाव वाचा. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला टेक्निशियन स्वतःच वाचून दाखवतो.

रिपोर्ट हाती आला की चार गोष्टी पाहा: नाव, वय, तारीख आणि माप. वय वीस वर्षांनी चुकलेले असेल तर तो रिपोर्ट बहुधा तुमचा नाही. रक्तगट आधीच्या कागदापेक्षा वेगळा आला तर लगेच सांगा आणि पुन्हा तपासायला लावा.

मूळ कागद फेकू नका. मोबाइलवर फोटो काढा, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका.

ज्या जमाती, ट्रस्ट आणि तरुण मंडळे आरोग्य शिबिरे घेतात, त्यांच्यासाठीही थोडे. शिबिराच्या रजिस्टरमध्ये फक्त 'नाव, वय, साखर' असे तीन रकाने आखू नका. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या. तो नळीवर, रजिस्टरवर आणि त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर तिन्हीकडे असू द्या. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि गाव लिहा. मापासह निकाल लिहा. तपासणी झाली नसेल तर रकाना रिकामा न ठेवता 'झाली नाही' असे लिहा. ती यादी दवाखान्याला देताना ज्यांची ओळख पक्की नाही, त्यांची नावे वेगळी काढून द्या आणि ती सोडवायला आपला एक माणूस तिथे बसवा. मोहल्ल्यात कोणती आयेशा कोणाची, हे संगणकापेक्षा त्याला नीट माहीत असते. त्याने तेवढेच सांगावे आणि वाचलेला रिपोर्ट तिथेच विसरावा.

आमच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना नावे दिली ती प्रेमाने. ती सारखी आहेत, कारण आवडती नावे सगळ्यांचीच सारखी असतात. ती बदलण्याची गरज नाही. गरज आहे ती प्रत्येक नावामागच्या माणसाला वेगळे ओळखण्याची. डॉक्टरांसमोरच्या पानावर जो आकडा आहे तो आपल्याच माणसाच्या रक्ताचा आहे एवढी खात्री झाली, तर उपचाराचे पहिले पाऊल बरोबर पडते.